चढाईवृत्ताचे विडंबन कसे लिहावे : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

गिरिभ्रमण मंडळांच्या स्मरणिकांत आणि दिवाळी अंकांत एखादे तरी विनोदी ट्रेकवृत्त असतेच, आणि ते बहुतेक वेळा एकाच जागी फसते. लेखक पहिल्या ओळीपासून विनोद करायला बसतो. कुणाची सॅक फाटते, कुणी घसाऱ्यावरून घसरतो, कुणाला धाप लागते, आणि प्रत्येक वाक्याशेवटी उद्गारचिन्ह येते. हे सगळे खरोखर घडलेले असले तरी त्यातून विडंबन उभे राहत नाही. विडंबनात हसू येते ते घटना सांगणाऱ्या भारदस्त भाषेचे. घटना स्वतः जेवढी साधी, तेवढे बरे. म्हणून आधी भाषा, मग डोंगर, मग टिपणे, मग निवेदक आणि विनोद सर्वांत शेवटी, असा क्रम येथे दिला आहे. हा क्रम उलटा केला की लेख दुरुस्त करता येत नाही, पुन्हा लिहावा लागतो.

## टप्पा १ : कोणत्या सुराचे विडंबन करायचे ते ठरवा

चढाईविषयीच्या लेखनात चार सूर ठळकपणे वेगळे काढता येतात. पहिला मोठ्या मोहिमेच्या अहवालाचा. त्यात नेते असतात, तुकड्या असतात, रसद असते, तळ असतात आणि हवामानाची वाट पाहणे असते. दुसरा तांत्रिक आरोहकाचा, ज्यात कड्यापेक्षा कठीणतेची श्रेणी, खडकात ठोकायचे बोल्ट, दोर अडकवायच्या कड्या (कॅराबिनर) आणि चढणाऱ्याचा दोर सांभाळणे (बिले) यांचीच चर्चा अधिक होते. तिसरा अंतर्मुख सूर, ज्यात माणूस माथ्यावर पोहोचून स्वतःला भेटतो. चौथा आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा, इतिहासाने भारावलेला सूर, ज्यात प्रत्येक ढासळलेला बुरूज 'साक्ष देत उभा' असतो, प्रत्येक दरवाज्याशी 'पावले आपोआप थबकतात' आणि माथ्यावरून 'डोळ्यांचे पारणे फिटते'.

एका लेखात एकच सूर घ्यावा. मोहिमेच्या अहवालात मध्येच आत्मशोध शिरला, तर वाचकाला कशावर हसायचे ते कळत नाही, आणि लेखकालाही पुढे कळेनासे होते.

सूर ठरल्यावर त्या प्रकारची दोन-तीन अस्सल वृत्ते मिळवून वाचावीत आणि त्यांतली वीस-पंचवीस वाक्ये वहीत हाताने उतरवून घ्यावीत. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते, पण वाक्याचा डौल हाताला लागतो तो येथेच. शिवाय ज्याचे विडंबन करायचे, त्याची खरी रचना ठाऊक असावी लागते. उदाहरणार्थ, एव्हरेस्टच्या नेपाळकडील मार्गावर ५,३६४ मीटरच्या आसपास पायथ्याचा तळ असतो आणि त्याच्या वर साधारणपणे चार तळ लावले जातात. चौथा साउथ कोल या खिंडीत, सुमारे ७,९०० मीटरवर. आरोहक या तळांवर वर-खाली ये-जा करतात ती शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. हे माहीत असलेला लेखक अर्ध्या तासाच्या टेकडीवर चार तळ लावतो, तुकडीला पहिल्या तळावरून चहासाठी खाली पाठवतो आणि पुन्हा वर चढवतो, तेव्हा जाणकार वाचक लगेच ओळखतो. हे माहीत नसलेला लेखक नुसते 'आमचा एव्हरेस्ट' असे लिहून थांबतो.

तपासणी : निवडलेल्या सुरात एकही विनोद न करता दहा ओळी लिहा. मंडळातल्या ज्येष्ठ सदस्याला त्या खऱ्या वृत्तातल्या वाटल्या, तरच पुढे जा.

## टप्पा २ : डोंगर लहान आणि खरा निवडा

विडंबनाला अंतर लागते, म्हणजे भाषेची उंची आणि डोंगराची उंची यांतले अंतर. त्यासाठी मराठवाडा फार सोयीचा आहे. अजिंठ्याच्या रांगेतले वेताळवाडी, अंतूर, सुतोंडा यांसारखे किल्ले पुरेसा चढ देतात, पण ते चढायला कुणाला प्राणवायूची नळकांडी लागत नाहीत.

माझ्या मते सर्वांत समृद्ध जागा देवगिरी आहे, आणि तिच्याकडे विडंबन लिहिणाऱ्यांचे म्हणावे तितके लक्ष गेलेले नाही. या किल्ल्याची रचनाच एकामागून एक अडथळ्यांची आहे : तटबंदीच्या रांगा, खडकात कोरलेला खंदक, तो ओलांडण्याची अरुंद वाट, वटवाघळांनी भरलेली अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट, त्यानंतर पायऱ्या, बारादरी आणि सर्वांत वर तोफ. मोहिमेच्या अहवालाला लागणारे 'टप्पे' येथे आयते मिळतात आणि त्यांची सुरुवात तिकीट खिडकीपासून होते. त्यात हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. मोहीम अंधारीच्या तोंडाशी दिव्यांची तपासणी करत असताना गणवेशातली रांग शेजारून वर निघून जाते, हे दृश्य रचावेही लागत नाही.

परंडा किंवा औसा यांसारखा भुईकोट घेऊन त्यावर 'चढाई' करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. सपाट जमिनीवर दोर लावण्याची कल्पना एका परिच्छेदात संपते, आणि पुढची हजार शब्दांची वाट लेखकाला एकट्याने चालावी लागते. विडंबनाला थोडा तरी खरा चढ हवा, थोडी तरी खरी दमछाक हवी.

इशारा : देवगिरी हे संरक्षित स्मारक आहे. त्याचा तासलेला कडा दोराने चढण्याचे वर्णन गमतीनेही करू नये. वाचणाऱ्यांत कुणीतरी ते करून पाहणारा असतो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत प्रसंग घडवत असाल, तर निवेदकाने वन विभागाचे नियम पाळलेले दाखवावेत. परवानगीच्या अर्जाचा भारदस्त तपशील उलट मोहिमेच्या सुराला शोभतो.

## टप्पा ३ : डोंगरावर असतानाच टिपणे घ्या

घरी येऊन आठवणीतून लिहिलेल्या वृत्तात आठवणच विनोद घालू लागते आणि खरे तपशील गळून जातात. खिशात लहान वही ठेवून निघण्याची वेळ, थांबण्याच्या जागा, माणसे, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या पायात काय होते, कुणी कोणत्या शब्दांत काय म्हटले, हे जसेच्या तसे टिपावे. वेळ मिनिटासकट लिहावी, कारण अहवालाचा सूर आकड्यांवर चालतो.

हे तपशील आपल्या मातीतले असावेत. कारवी, धुके, धबधबे आणि ढगांचा समुद्र ही शब्दसंपत्ती घाटमाथ्यावरच्या वृत्तांतून उचलून अनेक जण अजिंठ्याच्या रांगेत आणून ठेवतात, आणि वाचकाला लेखक तेथे गेला होता की नाही याचीच शंका येते. पावसाळा संपला की येथे गवत वाळते आणि मोज्यांत, पँटच्या तळाशी, नाडीच्या भोकांत कुसळे घुसतात. वाटेवर मुरूम असतो, त्यावर पाय टिकत नाही. बाभळीचा काटा स्लीपरच्या तळातून वर येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, म्हणून माणसे झुंजूमुंजू होताच निघतात आणि दहाच्या आत सावली गाठतात. डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा असतो, किंवा धपाटे आणि दही. हिमालयातल्या वृत्तात जी जागा थंडी, बर्फ आणि प्राणवायू घेतात, ती येथे ऊन, कुसळ आणि पाणी यांनी घ्यावी. प्राणवायूच्या साठ्याचा जसा काटेकोर हिशेब ठेवतात, तसाच हिशेब ताकाच्या बाटलीचा ठेवता येतो.

उन्हाबाबत एक मर्यादा मात्र आहे. उकाड्याची तक्रार, सावलीसाठीची धडपड, टोपीवरून झालेला वाद हे सर्व चालेल. कुणाला भोवळ आली, उलटी झाली किंवा घाम येणे थांबले, तर ती उष्माघाताची लक्षणे असू शकतात, आणि तो प्रसंग लेखात घेऊ नये.

## टप्पा ४ : निवेदक घडवा

निवेदकाला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसावे, हा या प्रकारच्या लेखनाचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. तो हसत नाही, उद्गार काढत नाही, वाचकाकडे पाहून डोळा मिचकावत नाही. त्याचा मोहिमेवर पूर्ण विश्वास आहे. त्याला एकच गोष्ट दिसत नाही, आणि ती कोणती हे लेखकाने लिहायला बसण्यापूर्वी एका वाक्यात कागदावर मांडून ठेवावे. उदाहरणार्थ : 'ज्या वाटेचा शोध लावला असे निवेदक समजतो, त्या वाटेने गावातला मुलगा रोज शेळ्या नेतो, हे त्याला समोर दिसत असूनही कळत नाही.'

हा आंधळेपणा माणसाला शोभेल असा असावा. पदांचे प्रेम, साहित्याचे प्रेम, नोंदी ठेवण्याचे वेड यांतले एक पुरेसे आहे. निवेदक मूर्ख, घाबरट किंवा लबाड केला, तर वाचक त्याच्यापासून दूर जातो. तो धीट, कष्टाळू आणि सहकाऱ्यांविषयी कळकळ असणारा ठेवावा. त्याचे प्रयत्न खरे असले, तरच ते किती लहान गोष्टीसाठी आहेत हे जाणवते.

सोबत तीन किंवा चार सदस्य पुरतात, आणि त्यांना नावांऐवजी पदे द्यावीत : नेते, रसदप्रमुख, छायाचित्रकार, वैद्यकीय सदस्य. पद जितके मोठे तितके काम लहान ठेवावे. रसदप्रमुखाकडे एकच थर्मास असावा.

## टप्पा ५ : आधी सरळ वृत्तांत लिहा

विनोदाचा विचार न करता सहाशे-सातशे शब्दांत घडले ते घडले त्या क्रमाने लिहून काढा. हा मसुदा कुणाला दाखवायचा नाही. वाट कोठे वळते, दरवाजा आधी की पाण्याचे टाके आधी, उतरायला किती वेळ लागला, हे येथे पक्के होते. पुढच्या टप्प्यात सूर चढवताना या तथ्यांना हात लावायचा नाही. उंची वाढवायची नाही, अंतर वाढवायचे नाही, नसलेली दरी आणायची नाही. अतिशयोक्ती तथ्यांत शिरली, की सुरातली अतिशयोक्ती दिसेनाशी होते.

## टप्पा ६ : सूर चढवा

सरळ मसुद्यातला एक तुकडा घेऊ :

> सकाळी पावणेसातला हळदा घाटातून वेताळवाडी किल्ल्याकडे निघालो. वाळलेल्या गवतातून जाताना मोज्यांत कुसळे गेली. बसून ती काढली आणि पुढे चालू लागलो.

याचे नेहमी होते ते असे :

> कुसळांनी तर आमच्यावर हल्लाच चढवला! मोजे आहेत की साळिंदर तेच कळेना! आमच्या मित्राचे तर माकडच झाले, उड्या काय मारतोय, ओरडतोय काय!

येथे लेखक हसतो आहे, म्हणून वाचकाला हसायला जागा राहिलेली नाही. दोन उपमा लागोपाठ आल्याने खरे कुसळ नाहीसे झाले आहे. शिवाय हसण्याचे लक्ष्य मित्र आहे; भाषा नाही. आता तोच तुकडा मोहिमेच्या अहवालाच्या सुरात :

> पावणेसात वाजता तुकडीने घाटरस्ता सोडला. सहा वाजून बावन्न मिनिटांनी आघाडीच्या सदस्याच्या डाव्या मोज्यात कुसळ शिरल्याचे वृत्त आले. नेत्यांनी आगेकूच थांबवण्याचा निर्णय घेतला व त्या जागेला 'पहिला तळ' असे नाव देण्यात आले. कुसळ काढण्याचे काम दोन अनुभवी सदस्यांकडे सोपवून उर्वरित तुकडीने चहाच्या साठ्याची मोजणी केली. त्याच सुमारास शेळ्या वर सोडून परत येणारा एक मुलगा भेटला. वरच्या भागातील परिस्थितीविषयी विचारणा केली असता, 'काय न्हाई, निस्तं गवत हाय,' असे त्याने सांगितले. त्याच्या निवेदनाची नोंद घेण्यात आली व दुसऱ्या तळाच्या उभारणीविषयी चर्चा सुरू झाली.

या परिच्छेदात एकही गमतीचा शब्द नाही. काम चार गोष्टी करतात. मिनिटांत दिलेली वेळ क्षुल्लक घटनेला अहवालाचे वजन देते. 'देण्यात आले', 'घेण्यात आली' या कर्मणी रचनेमुळे काम कोणी केले ते झाकले जाते आणि सरकारी गांभीर्य येते. तळाला नाव मिळाल्यामुळे पुढे त्याच्याकडे परत येता येते. मुलाचे बोलणे मात्र साधे आणि खरे राहते, आणि सगळ्या परिच्छेदात खरी माहिती तेवढी त्याच्याकडेच असते.

कर्मणी रचना हे फार प्रभावी साधन आहे, म्हणून ते जपून वापरावे. एका परिच्छेदात दोन-तीनदा पुरे. प्रत्येक वाक्य 'आले' ने संपू लागले की वाचक पुढचे वाक्य वाचण्यापूर्वीच ओळखतो. तेच 'सदर', 'उपरोक्त', 'अनुषंगाने' या शब्दांचे.

यानंतर एक धागा निवडून तो संपूर्ण लेखात तीनदा आणावा आणि दर वेळी त्याची किंमत वाढवावी. कुसळाचा धागा घेतला, तर पहिल्यांदा ते आगेकूच थांबवते. दुसऱ्यांदा त्यामुळे नेते आणि रसदप्रमुख यांच्यात मोजे काढून चालावे की घालून, असा धोरणात्मक मतभेद होतो. तिसऱ्यांदा, किल्ल्याच्या दरवाज्याशी, माथ्यावर अंतिम चढाईसाठी कोणती जोडी पाठवायची हे कुणाचे मोजे शाबूत आहेत यावर ठरते. चौथ्यांदा कुसळ आणू नये. दोन-तीन धागे एकाच वेळी चालवण्याचा प्रयत्न पहिल्या लेखात तरी करू नये.

तपासणी : लेखातल्या सर्व उपमांवर खूण करा. अहवाल लिहिणारा माणूस ती उपमा वापरेल का? नसेल, तर ती लेखकाची आहे आणि ती काढावी लागेल.

## टप्पा ७ : हसू कोणावर वळते ते पाहा

येथे घाई करू नये, कारण भाषा जमलेली असतानाही लेख येथे बिघडतो आणि त्याने माणसे दुखावतात.

वाटाड्या, गुराखी, गावकरी यांच्या अज्ञानावर विनोद करणे सोपे असते आणि खोटेही असते, कारण डोंगराची माहिती त्यांनाच असते. मराठवाडी बोली लेखात जरूर यावी, पण ती बोलणारा माणूस त्या प्रसंगातला सर्वांत शहाणा माणूस असावा. हिमालयाच्या मोहिमेचे विडंबन करताना शेर्पा या शब्दाबाबतही हेच ध्यानात ठेवावे. शेर्पा हा हमालाचा समानार्थी शब्द नव्हे. तो नेपाळच्या डोंगराळ भागातला एक समाज आहे, आणि मोठ्या मोहिमांत दोर लावण्याचे व ओझी वर नेण्याचे धोक्याचे काम त्यातल्या अनेकांनी केले आहे. टेकडीवरच्या तुमच्या मोहिमेत पाणी वाहणाऱ्या मुलाला 'शेर्पा' म्हणून हसू मागू नका. नेत्यांच्या अहवालात त्या मुलाचा उल्लेख फक्त 'स्थानिक मदत' असा यावा आणि प्रत्यक्षात सगळे काम त्यानेच केलेले दिसावे. मग हसू योग्य माणसावर जाते.

सदस्याचे वजन, वय, स्त्री-सदस्याचे साहस, कुणाची उंचीची भीती हे विषय वर्ज्य समजावेत. खरा अपघात, मृत्यू आणि बचावकार्य यांचे विडंबन होत नाही, मग ते कितीही जुने असो.

सुरक्षिततेचा भाग वेगळा तपासावा. लेख नवशिकेही वाचतात, आणि विनोदात दाखवलेली चुकीची कृती त्यांच्या लक्षात राहते. म्हणून प्रस्तरारोहण किंवा रॅपलिंग (दोराने कडा उतरणे) लेखात असेल, तर तंत्र पूर्ण अचूक ठेवावे : कमरेच्या पट्ट्याला (हार्नेसला) दोर आठच्या आकड्यासारख्या गाठीने बांधलेला, ती गाठ दुसऱ्याने तपासलेली, रॅपलिंगच्या दोराच्या टोकाला गाठ मारलेली, डोक्यावर हेल्मेट. निवेदकाने ही तपासणी हव्या तितक्या समारंभाने करावी, पण ती करावी. आपल्याकडच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते. आरडाओरडा, धूर आणि उग्र वासाची अत्तरे यांनी माश्या उठतात, आणि त्या उठल्या की माणसे मरतातही. मोहोळाखाली फटाके, शेकोटी किंवा आरोळ्या असलेला प्रसंग कितीही रंगला असला तरी काढून टाकावा.

इशारा : 'हे गमतीने लिहिले आहे, करून पाहू नका' अशी तळटीप टाकून धोकादायक प्रसंग ठेवू नये. तळटीप विसरली जाते, प्रसंग लक्षात राहतो.

## टप्पा ८ : मोठ्याने वाचा आणि कापा

मसुदा दोन-तीन दिवस बाजूला ठेवून दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांतला एक डोंगरात जाणारा असावा आणि दुसरा कधीही न गेलेला. वाचताना आपण हसायचे नाही. पहिलाच हसला आणि दुसरा गप्प राहिला, तर तेथे मंडळापुरता विनोद आहे. दुसराच हसला आणि पहिला अस्वस्थ झाला, तर तेथे बहुधा तंत्राची चूक आहे.

त्यानंतर उद्गारचिन्हे सरसकट काढावीत. विनोदानंतर येणारे स्पष्टीकरणाचे वाक्य काढावे. ते जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असते. सुरुवातीचा प्रास्ताविक परिच्छेद काढून पाहावा, बहुतेक वेळा लेख दुसऱ्या परिच्छेदापासूनच सुरू होतो. बाराशे ते पंधराशे शब्दांच्या पुढे हा सूर क्वचितच टिकतो.

## टप्पा ९ : शीर्षक, शेवट आणि संपादकाकडे देणे

शीर्षक निवेदकाने दिलेले असावे. 'वेताळवाडी मोहीम : नेत्यांचा अहवाल' हे चालेल, 'आमची फजिती' किंवा 'एक धमाल ट्रेक' हे वाचकाला आधीच सांगून टाकते.

शेवटी अनेक जण सूर सोडतात आणि मैत्री, निसर्ग, संवर्धन यांवर दोन मनापासूनची वाक्ये लिहितात. ती वाक्ये खरी असतील, पण ती दुसऱ्या लेखाची आहेत. मोहिमेचा अहवाल उतरण्याच्या नोंदीने, खर्चाच्या तपशिलाने किंवा आभाराने संपतो, म्हणून विडंबनही तेथेच, त्याच सुरात संपवावे. आभारांची यादी लहान ठेवावी आणि शेळ्या नेणाऱ्या मुलाचे नाव तीत नसावे. ते का नाही हे वाचकाला कळते.

लेख देताना संपादकाला वेगळ्या चिठ्ठीत हे विडंबन असल्याचे कळवावे, म्हणजे मुद्रितशोधनात 'पहिला तळ' दुरुस्त होणार नाही आणि लेख माहितीपर विभागात छापला जाणार नाही. सोबतच्या सदस्यांना मसुदा आधी वाचायला द्यावा. पदांमागची माणसे मंडळात सर्वांना ओळखू येतात, आणि त्यांतल्या एकानेही नको म्हटले तर तो प्रसंग बदलावा. किल्ल्याचे नाव, वाट आणि वेळा खऱ्या असतील तर त्या छापण्यापूर्वी पुन्हा एकदा तपासाव्यात, कारण हा लेख वाचूनही कुणीतरी त्या वाटेने जाणार असतो.